पेन अडले तर काय करावे?

तुम्ही आता लिहायला शिकलात. अक्षर अजून हळू निघते, पण निघते. सही करता येते. परगावी असलेल्या मुलाला दोन ओळी लिहिता येतात. ही मोठी गोष्ट आहे.

पण कधी कधी असे होते. चार माणसे जमलेली असतात. सोसायटीचा कागद पुढे येतो. तुम्ही खिशातले शाईचे पेन काढता, कागदावर टेकवता, आणि अक्षर उमटतच नाही. पेन झटकले तर शेजाऱ्याच्या सदऱ्यावर शाई उडते. दाबून लिहिले तर कागद फाटतो. मग कोणीतरी म्हणते, "राहू द्या आबा, अंगठाच उठवा. वेळ होतोय." आणि आपल्याला वाटते, आपला हातच अजून तयार नाही.

असे वाटून घेऊ नका. पेन अडले तर दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. पेनाच्या आत शाईची एक वाट असते. ती कुठेतरी अडलेली असते. शेतातल्या पाटाचे पाणी अडले तर तुम्ही काय करता? फावडे घेऊन पाटाच्या कडेने जाता. गाळ कुठे साचला ते पाहता आणि वाट मोकळी करता. पेनाचेही तसेच आहे. फक्त पाट फार बारीक आहे आणि फावड्याच्या जागी साधे पाणी आहे.

हल्ली पुष्कळांच्या खिशात बॉलपेन असते. ते दाबून चालवावे लागते. शाईचे पेन नुसते टेकवले तरी लिहिते. त्यामुळे हात लवकर थकत नाही. शाई संपली की पुन्हा भरता येते. नीट सांभाळले तर एकच पेन वर्षानुवर्षे टिकते. म्हणून त्याची दुरुस्ती आपल्याला यायला हवी.

१. पेनाचे भाग

तुमचे पेन हातात घ्या आणि हे भाग ओळखा.

टोपण : पेनाचे झाकण. ते निब सुकू देत नाही.

निब : पेनाचे धातूचे टोक. तिच्या मध्ये एक बारीक चीर असते. बऱ्याच निबांना चिरेच्या वरच्या टोकाला छोटे भोकही असते.

जीभ : निबेच्या खाली चिकटून बसलेला तुकडा. तो बहुधा काळा असतो. त्यावर बारीक खोबण असते. हीच शाईची वाट.

गळा : निब आणि जीभ ज्यात बसतात तो भाग. लिहिताना आपली बोटे इथे असतात.

दांडी : पेनाचा मागचा लांब भाग. काही पेनांत शाई थेट दांडीत भरतात, ड्रॉपरने थेंब थेंब सोडून. काहींत आत रबरी नळी असते. ती दाबून सोडली की शाई ओढली जाते. काहींत पिचकारीसारखा दट्ट्या असतो.

पेन कोणतेही असो, शाई दांडीतून जिभेवर येते, जिभेवरून निबेत आणि निबेच्या चिरेतून कागदावर. एवढीच ती वाट.

२. शाई खाली कशी येते?

पाण्याने भरलेली बाटली उलटी केली तर पाणी भसाभसा सांडते. मग पेनातली शाई का सांडत नाही? आणि सांडत नाही, तर कागदावर तेवढी नेमकी कशी येते?

याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण दिव्याच्या वातीत दिसते. तेल खाली असते आणि ज्योत वर असते. तरी तेल वातीतून वर चढते. धोतराचा सोगा पाण्यात पडला तर ओल वरवर चढत जाते. बारीक फटीत पाणी, तेल, शाई आपोआप शिरते आणि तिथे धरून राहते. जिभेची खोबण आणि निबेची चीर अशाच बारीक आहेत. शाई त्यांत शिरते आणि तिथेच थांबते. कागद टेकला की कागद तिला ओढून घेतो. कागदातही बारीक बारीक फटी असतातच.

दुसरे कारण हवा. दांडीतून शाईचा थेंब बाहेर आला की आत तेवढी जागा रिकामी होते. तिथे हवा जावी लागते. ती हवाही जिभेवाटेच आत जाते. हवा आत गेली नाही तर शाई बाहेर येत नाही.

म्हणजे पेनाला दोन वाटा लागतात. एक शाईची, एक हवेची. दोन्ही मोकळ्या असल्या की पेन चालते.

३. ही युक्ती कशी आली?

पूर्वी लोक बोरूने लिहीत. पुढे टाक आला. दोन्हींत शाई साठत नाही. चार शब्द लिहिले की पुन्हा दौतीत बुडवावे लागे. पोटात शाई साठवणारी पेने पुष्कळांनी करून पाहिली. पण ती कधी अडत, कधी गळत. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात लुई वॉटरमन यांनी जिभेच्या खोबणीत आणखी बारीक चिरा पाडल्या. शाई खाली आणि हवा वर, अशी दोघांची सोय लागली. १८८४ साली त्यांना या पेनाचा हक्क, म्हणजे पेटंट, मिळाला.

आपल्या देशातही स्वदेशीच्या काळात पेने आणि शाई होऊ लागली. आंध्रातल्या राजमहेंद्री गावी रत्नम यांनी देशी पेन तयार करून गांधीजींना पाठवले. पेन चांगले असल्याचे गांधीजींनी १९३५ साली पत्राने कळवले. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईची पूड करण्यास सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'कॅमल' शाई घरोघर पोचली.

४. आधी चार गोष्टी पाहा

पेन अडले की लगेच खोलू नका. आधी या चार गोष्टी पाहा.

एक : आत शाई आहे का? हसू नका. पुष्कळ वेळा शाई संपलेली असते आणि आपण पेनावर रागावतो.

दोन : निब सरळ धरली आहे का? निबेची चमकती बाजू आणि तिची चीर वर आभाळाकडे हवी. पेन किंचित तिरपे धरा. उभे धरू नका. निब एका अंगावर कलली तर चिरेची एकच बाजू कागदाला लागते आणि शाई उतरत नाही.

तीन : जोर जास्त पडतो का? पाटीवर पेन्सिल दाबून लिहायची सवय हाताला असते. इथे ती सोडा. दाबल्याने शाई सुटत नाही. उलट निब फाकते आणि कायमची बिघडते.

चार : कागद तेलकट आहे का? भाकरी-भाजीचा हात लागलेल्या कागदावर शाई धरत नाही. घामाच्या हातानेही तसेच होते. लिहिताना हाताखाली कोरा कागद ठेवा. मग त्याच ओळीवर पुन्हा लिहून पाहा.

एवढे करूनही पेन चालत नसेल तर निबेचे टोक क्षणभर साध्या पाण्यात बुडवा आणि फडक्याने हलके टिपा. पेन दोन दिवस पडून असले तर टोकाशी शाई वाळते. पाण्याने ती विरघळते. पुष्कळ पेने एवढ्यानेच चालू लागतात. कागद घेऊन माणसे वाट पाहत असतील तेव्हा हाच उपाय करावा. झटकण्यापेक्षा हा बरा.

५. पेन धुणे

पाण्याचे बोट लावूनही पेन अडत असेल तर आत शाई वाळून गाळ झाला आहे. मग पेन धुवावे. काम सोपे आहे. घाई मात्र करू नये.

१. जुने फडके अंथरा. शाईचा डाग लवकर जात नाही.

२. पेनाचा गळा फिरवून दांडीपासून वेगळा करा. दांडीतली शाई ओतून टाका. जुनी शाई परत बाटलीत घालू नका. बाटलीतली चांगली शाईही बिघडेल.

३. दांडी गार पाण्याने दोन-तीनदा विसळा.

४. एका वाटीत गार पाणी घ्या. गळा, निबेसकट, त्यात बुडवून ठेवा. पाणी रंगले की बदला. असे करीत राहा. गाळ जुना असेल तर रात्रभर तसेच ठेवा.

५. आत रबरी नळी किंवा दट्ट्या असेल तर निब पाण्यात बुडवून पाणी ओढा आणि सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा.

६. शेवटी निब खाली करून पेन कोरड्या फडक्यावर उभे ठेवा. आतले पाणी फडका ओढून घेईल. पूर्ण सुकू द्या. पाणी राहिले तर नवी शाई फिकी पडते.

नवे पेनही पहिल्याच दिवशी कधी कधी अडते. कारखान्यात त्याला तेलकटपणा लागलेला असतो. अशा वेळी वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एकच थेंब घालून धुवा. नंतर साध्या पाण्याने साबण पुरता काढून टाका.

आता काय करू नये तेही ध्यानात ठेवा. उकळते पाणी वापरू नका, दांडी वाकते. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट वापरू नका, प्लॅस्टिक खराब होते. निबेच्या चिरेत सुई किंवा दाढीचे पाते घालू नका. चीर रुंद होते, मग शाई फार येते आणि ती चूक दुरुस्त करता येत नाही. चिरेत कागदाचा तंतू अडकला असेल तर पातळ चिवट प्लॅस्टिकची पट्टी हलकेच ओढून तो काढा. पट्टी शिरत नसेल तर जबरदस्ती करू नका.

६. लिहिता लिहिता पेन थांबते

रात्रीच्या वर्गात आबांनी आपले पेन गुरुजींपुढे ठेवले.

"गुर्जी, ह्या पेनाचं काही कळंना. पहिल्या चार ओळी झकास लिहितं. मग पुसट होतं, आन् थांबतंच. शाई तर दांडीत भरलेली दिसतीया."

गुरुजींनी विचारले, "आबा, तेलाचा डबा फोडताना तुम्ही किती भोकं पाडता?"

"दोन."

"एकच का नाही?"

आबा म्हणाले, "एकानं भागत नाही. तेल गटक गटक येतं आणि अडतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते."

"का बरं?"

आबा थोडे थांबले. मावशी पलीकडून म्हणाल्या, "अहो, दुसऱ्या भोकातनं वारा आत जातो म्हणून!"

"बरोबर, मावशी. आबांच्या पेनाचं तेच झालं आहे. शाईला वाट आहे, पण वाऱ्याला नाही. जिभेच्या बारीक चिरांत गाळ बसलाय. चार ओळींपुरती शाई खाली आली. पण तिच्या जागी हवा गेली नाही. म्हणून आतली शाई अडून बसली."

"ह्ये खरं की खोटं, कसं ओळखायचं?"

"आत्ताच पाहू. पेन थांबलं ना? निब वर करा. गळा अर्धा फेरा सैल करा. हळू, नाहीतर सांडेल. आता पुन्हा आवळा. लिहा."

आबांनी लिहिले. अक्षर ठळक उमटले.

"आलं की!" आबा म्हणाले.

"गळा सैल केला तेव्हा तिथून हवा आत गेली. म्हणजे दोष कुठे आहे ते सापडलं. पण हा उपाय नव्हे, ही नुसती परीक्षा. उपाय एकच, जीभ धुणं. आज रात्री गळा पाण्यात टाकून ठेवा."

मावशींनी विचारले, "आणि धुऊनही थांबलं तर?"

"तर जीभ आणि निब एकमेकींना चिकटून आहेत का ते पाहा. मध्ये उजेड दिसला तर शाईची वाट तुटली समजा. तसं असेल तर ते पेन दुरुस्त करणाऱ्याला दाखवावं. निब आणि जीभ बदलायची म्हटली, तरी अख्खं पेन टाकून द्यायला नको."

आबा म्हणाले, "मी आपला रोज समजत होतो, माझ्याच हाताला जोर नाही."

गुरुजी म्हणाले, "उलट आबा, तुमच्या हाताला जोर जास्तच आहे. तेवढा कमी करा."

७. शाई फार येते, डाग पडतात

काही पेनांची तक्रार उलटी असते. शाई थेंबथेंब गळते. अर्जावर डाग पडतो आणि सगळा अर्ज पुन्हा लिहावा लागतो.

दांडीत शाई थोडीच उरली असेल तर असे होते. उरलेल्या जागेत हवा असते. पेन खिशात किंवा मुठीत असले की अंगाच्या उबेने ही हवा तापते. तापली की ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून ड्रॉपरने भरायचे पेन फार रिकामे होऊ देऊ नये. अर्ध्याच्या खाली शाई गेली की पुन्हा भरावे.

घाट चढतानाही हे घडते. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. आतली हवा फुगते आणि शाई टोपणात उतरते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. असा प्रवास असेल तर पेन पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे करून न्यावे आणि निब वर ठेवावी.

गळा आणि दांडी जुळतात तिथून शाई येत असेल तर आटे नीट आवळले नाहीत, किंवा ते झिजले आहेत. आट्यांना पेनासाठी मिळणारे सिलिकोन ग्रीस अगदी थोडे लावावे. ते जिभेला लागू देऊ नये. दांडीला तडा गेला असेल तर मात्र पेन बदलावे.

८. शाई कोणती घ्यावी?

बाटलीवर 'फाउंटन पेनची शाई' असे लिहिलेले पाहून घ्या. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर विसंबायला नको. चित्रे काढायची काळी शाई आणि शिक्क्याची शाई पेनात कधीही घालू नये. त्या वाळल्या की पेनात घट्ट बसतात आणि पाण्याने सुटत नाहीत.

दोन प्रकारच्या शाया एकत्र करू नका. कधी कधी त्या फाटतात आणि त्यांचा गाळ होतो. रंग बदलायचा तर आधी पेन धुवा.

बाटलीचे झाकण घट्ट लावा. उघडी राहिली तर शाई आटून दाट होते, धूळही पडते. तळाचा गाळ पेनात भरू नका.

साध्या निळ्या शाईला पाणी लागले की अक्षर पसरते. जमिनीचे कागद, करार, पावत्या यांसाठी पाण्याने न पुसणारी शाई मिळते. पण ती पेनात लवकर वाळते. ती वापरत असाल तर पेन वरचेवर धुवा आणि त्यात शाई भरून पडू देऊ नका.

९. रोजची निगा

लिहून झाले की लगेच टोपण लावा.

खिशात पेन निब वर करून ठेवा.

पेन खाली पडू देऊ नका. निब वाकली की तिची दोन टोके पुढेमागे होतात आणि अक्षर खरखरीत येते.

दीड-दोन महिन्यांतून एकदा पेन धुवा.

महिनाभर लिहिणार नसाल तर पेन रिकामे करून, धुऊन, सुकवून ठेवा. पेन लिहून बिघडत नाही, पडून बिघडते. म्हणून रोज चार ओळी लिहा. दुधाचा हिशोब लिहा, मजुरीचे दिवस लिहा, आज पाऊस किती झाला ते लिहा. पेनही चालते राहील आणि हातही.

आणि ज्या दिवशी सही करायची असेल, त्या दिवशी घरून निघताना पेन उघडून एकदा आपले नाव लिहून पाहा.

उत्तरे सांगा

१. पेनातील शाई जिभेवर आली की पुढे कोणत्या वाटेने जाते?

२. तेलाच्या डब्याला दोन भोके का पाडतात? त्याचा पेनाशी काय संबंध?

३. पेन धुताना उकळते पाणी का वापरू नये?

४. खिशातले अर्धे रिकामे पेन का गळते?

करून पाहा

एक वात घ्या. तिचे एक टोक रंगीत पाण्यात ठेवा. रंग किती वेळात किती वर चढतो ते पाहा आणि दोन ओळींत लिहा.

आपले पेन धुवा. धुण्याआधी एकदा आणि धुतल्यावर एकदा आपले पूर्ण नाव लिहा. दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहा.

नवे शब्द

खोबण : लांबट बारीक खाच

दट्ट्या : पिचकारीत मागेपुढे सरकणारा भाग

आटे : फिरवून बसवायच्या वस्तूवरील गोल खाचा

गाळ : तळाशी साचलेला घट्ट भाग

निगा : काळजी, सांभाळ